पूल झाल्यावर

“मग ते घड्याळ काय शोभेला लावलंय का?” सोनियाचा आवाज आता बाहेरच्या काँक्रीटच्या पंपाच्याही वर चढला होता. “थाळीएवढं घड्याळ आहे समोर. सव्वाला व्हॅन येते. दोन वर्षं झाली, रोज सव्वाला येते. आणि आज पोरगी सव्वा तास रस्त्यावर उभी!”

“रस्त्यावर नाही, केबिनमध्ये होती,” हिंदुराव गॅलरीतून म्हणाले. “पुलावरच्या त्या सोमाच्या केबिनमध्ये. सेफ जागा आहे ती.”

“पप्पा, तुम्ही तर बोलूच नका. तुम्हाला तीन फोन केले मी.”

“फोन चार्जिंगला होता.”

“आणि तुम्ही?”

हिंदुरावांनी मान बाहेर वळवली. साडेबाराला जेवून एकला झोपायचं आणि तीनला उठायचं, हे त्यांचं रिटायर झाल्यापासून ठरलेलं होतं. खाली पुलाचं काम चालू असो की बंद असो.

सोनिया अजून ऑफिसच्या कपड्यांत होती. ठाण्याहून अर्धा दिवस टाकून आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. सहा वर्षांची जिज्ञासा तिच्या मांडीवर बसून बिस्किटाचं क्रीम चाटत होती. आईचा हात तिच्या पोटाभोवती इतका घट्ट होता, की तिला धड वाकता येत नव्हतं.

“आई, मी तुम्हाला विचारतेय. घड्याळ पाहिलं नव्हतं का?”

ओट्यापाशी पाठ करून उभ्या असलेल्या राजाबाईंनी पिठाचा हात पाण्यात बुडवला.

“नाही पाहिलं,” त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. दिवाळीपासून राजाबाईंनी घड्याळ पाहिलं नव्हतं. भिंतीवर त्या जागी त्यांना एक पांढरट गोल दिसे, काटे दिसत नसत. उजवा डोळा मोतीबिंदूने भरून गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. उजव्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं. डाव्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“नाही पाहिलं म्हणे,” सोनिया भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. “बघा. झालं.”

बुवापाड्यातल्या त्या चार मजली इमारतीत राजाबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी. साताऱ्याकडचं गाव सोडून हिंदुराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, त्याला छत्तीस वर्षं झाली होती. घर घेतलं तेव्हा गॅलरीतून रेल्वेचं फाटक दिसायचं. फाटक पडलं की रिक्षांची रांग लागायची आणि राजाबाई वरून भाजीवाल्याला हाक मारायच्या. मग फाटकावरून उड्डाणपूल होणार असं ठरलं. बोर्ड लागला, नारळ फुटला, पत्रे ठोकले गेले. पुलाचे खांब त्यांच्या गॅलरीपासून वीस-पंचवीस फुटांवर उभे राहिले.

पहिल्या वर्षी जमिनीत भोकं पाडणारं मशीन आलं. ते धप्प करून आपटलं की मांडणीवरची वाटी दुसऱ्या वाटीला लागायची. दुसऱ्या वर्षी ठेकेदार बदलला आणि आठ महिने नुसत्या गंजक्या सळया उभ्या होत्या. मग दुसरा ठेकेदार, दुसरी मशीनं, दुसऱ्या रंगाची हेल्मेटं. त्यांच्या मुलाने, विनीतने, गॅलरीला हिरवी जाळी बांधून घेतली. जाळीने धूळ थांबली नाही, उजेड थांबला. सकाळी अकरालाही स्वयंपाकघरात ट्यूब लावावी लागायची. हिंदुरावांनी जाळीला एका कोपऱ्यात चिमटा लावून हातभर खिडकी केली होती आणि तिथे त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची होती.

त्या खुर्चीत हिंदुराव सकाळी आठला बसायचे. “आज चार नंबरच्या खांबाला सेंट्रिंगच्या पाट्या लावतायत.” “ती पाटी वाकडी बसलीय, बघ, आता काढतील.” “काढली!” खालच्या सुपरवायझरला ते वरून हात करायचे आणि तोही करायचा. बिल्डिंगमध्ये त्यांना आता पूलवाले काका म्हणत. सुरुवातीला ते राजाबाईंना बोलवायचे, “अगं, ये, बघ तरी.” राजाबाई हात पुसत जायच्या आणि बघायच्या. गेल्या वर्षभरात त्या जायच्या, उभ्या राहायच्या आणि “हो, केवढं झालं” म्हणून परत यायच्या. समोर त्यांना राखाडी काहीतरी उंच दिसायचं. त्याला कडा नसायच्या.

आवाज मात्र त्यांना सगळे कळायचे. सकाळी आठला जनरेटर. नऊच्या सुमाराला सळया कापायचं मशीन, त्याने दात शिवशिवायचे. काँक्रीटची गाडी मागे येताना टीं-टीं करते आणि रिकामी होऊन जाताना तिचं पोट खडखडतं. एकला सगळं एकदम थांबायचं. कामगार जेवायला बसले की घरातला पंखासुद्धा ऐकू यायचा. तेव्हा राजाबाई गॅस बंद करायच्या, पदर सारखा करायच्या आणि भिंतीला हात लावत जिना उतरायच्या. रस्ता खोदलेला असल्याने व्हॅन बिल्डिंगपर्यंत येत नसे. पत्र्यांच्या पलीकडे मेडिकलच्या कोपऱ्यावर थांबायची. तिथे पोचेपर्यंत सव्वा व्हायचा. दिवाळीपासून हे एकदाही चुकलं नव्हतं.

चुकलं ते त्या बुधवारी. त्या दिवशी स्लॅब होता. स्लॅबचं काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबवत नाहीत. कामगार पाळीपाळीने जेवतात आणि पंप चालूच राहतो. हे हिंदुरावांना चांगलं माहीत होतं. सकाळी ते आनंदाने दोनदा म्हणालेही होते, “आज नॉनस्टॉप.” राजाबाईंनी ऐकलं होतं, पण त्याचा आपल्या एक वाजण्याशी संबंध आहे हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. हिंदुराव जेवून झोपले. राजाबाईंनी मेथी निवडली, धुतली, चिरली. लसूण सोलला. आज वेळ जाता जात नाही, असं त्यांना वाटलं. भूक लागली, तर सकाळी चहाबरोबर काही खाल्लं नव्हतं म्हणून असेल. फ्रिजवर त्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला आणि पंपाच्या घरघरीत तो त्यांना ऐकू आला नाही.

शेवटी दार वाजलं. दारात नारिंगी जाकीट घातलेला माणूस आणि त्याच्या बोटाला धरून जिज्ञासा.

“अगं बाई, तू कशी आलीस? अजून एक वाजायचाय ना?” राजाबाई म्हणाल्या.

“मावशी, अडीच वाजलं,” तो म्हणाला.

एवढंच झालं होतं. पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. व्हॅनवाल्याच्या मागे गाड्या हॉर्न मारायला लागल्या म्हणून तो तिला उतरवून निघून गेला. ती थोडा वेळ कोपऱ्यावर थांबली, मग पंप बघायला पत्र्याच्या आत आली. काँक्रीटची गाडी मागे येत होती. झेंडा घेऊन गाड्या थांबवणारा सोमा तिथे होता, त्याने दप्तराला धरून तिला मागे ओढलं आणि केबिनमध्ये बसवलं. तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर लावला. तो सोनियाचा होता. जेवायची पाळी आल्यावर सोमाच तिला घरी सोडायला आला.

विनीत बदलापूरच्या कंपनीतून सातला घरी आला. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं. एकदा सोनियाकडून, एकदा हिंदुरावांकडून. राजाबाईंना त्याने विचारलं नाही.

“यात एवढं काय आहे,” तो म्हणाला. “आईच्या फोनला अलार्म लावू. एक वाजून पाच. रोज. सिंपल.”

“तुला सगळं सिंपलच,” सोनिया म्हणाली. “गाडी मागे येत होती, कळलं का? मागे येत होती.”

“म्हणून तर अलार्म. आई, फोन आण.”

त्याने अलार्म लावला. कुठलंसं ढोलकीचं गाणं होतं. तीन वेळा वाजवून दाखवलं. जिज्ञासा नाचली. मग सोनिया कपडे बदलायला गेली आणि भाकऱ्या झाल्या. जेवताना हिंदुरावांनी स्लॅब किती मीटरचा झाला ते सांगितलं. अलार्म बंद करायला कुठलं बटण दाबायचं, ते पडद्यावर लिहिलेलं राजाबाईंना दिसत नव्हतं. फोन उशीखाली दाबून ठेवला की तो आपोआप थांबतो, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं.

डोळ्याचा विषय त्या रात्री निघाला नाही. तो अडीच वर्षांपूर्वी निघाला होता आणि तेव्हाच मिटला होता. गणपतीच्या मंडळाने मोफत तपासणी ठेवली होती. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, मावशी, उजव्या डोळ्याचं करून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे. पण मग महिनाभर जपायचं. धूळ नको, धूर नको, गॅससमोर वाकून उभं राहायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, थेंब वेळेवर.

तेव्हा बाहेर भोकं पाडायचं मशीन चालू होतं आणि चहाच्या कपावर मातीची साय यायची. “या धुळीत नको,” विनीत म्हणाला होता. “इन्फेक्शन झालं म्हणजे? पूल झाल्यावर करू.” हिंदुराव म्हणाले, “पिकू दे की नीट. माझ्या आईचा पिकल्यावरच काढला होता.” सोनियाचं तेव्हा नवीन नोकरीचं चाललं होतं. ती म्हणाली, “आई, तुम्हाला ठीक वाटेल तसं.” आणि राजाबाईंना बरंच वाटलं होतं, कारण डोळ्यात सुई जाणार या कल्पनेने त्यांना रात्रभर झोप आली नव्हती.

तसं त्या घरात सगळंच पूल झाल्यावर होणार होतं. रंग काढायचा तो पूल झाल्यावर, आता काढून काय उपयोग. सोफ्याची कव्हरं पूल झाल्यावर. सत्यनारायण पूल झाल्यावर, तीर्थात वाळू येते. घर विकून बदलापूरला टॉवरमध्ये जायचं तेही पूल झाल्यावर, कारण मग भाव चढेल. जिज्ञासाला भाऊ-बहीण कधी, असं नात्यातल्या कुणी विचारलं, की सोनियासुद्धा हसून म्हणायची, “पूल होऊ दे आधी.”

गुरुवारी बाहेर शांत होतं. स्लॅब सुकायला सोडला होता, त्यावर पाणी मारणारा एकटा माणूस होता. सकाळी राजाबाईंनी सहा भाकऱ्या जास्त केल्या. लसणाची चटणी कुटली, डबा भरला आणि पत्र्यापाशी गेल्या. रिकाम्या हाताने जाणं त्यांना बरं वाटलं नसतं.

“मावशी, हिकडून या, हिकडून. तिकडं सळया हायेत,” सोमा ओरडला आणि स्वतःच पुढे येऊन त्यांना केबिनच्या सावलीत घेऊन गेला. पन्नाशीचा माणूस होता, जालन्याकडचा. गळ्यात शिट्टी, काखेत लाल-हिरवे झेंडे. त्याने डबा उघडून वास घेतला.

“लई दिवसांनी हाताची भाकर.”

“काल तुमच्यामुळे पोर वाचली.”

“ती वाचायची कुठं? तीच मला वाचवंल. लई वस्ताद हाय. मी म्हनलं, तुला न्यायला कोन येतंय? म्हनली, आजी येते. म्हनलं, मग कुठं हाय आजी? तर म्हनली, मशीन बंद झालं की येईल.”

राजाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“एक विचारू का मावशी? राग नका मानू.” सोमाने भाकरीचा तुकडा मोडला. “माझा झेंडा तुमाला दिसत न्हाई ना?”

“दिसतो की.”

“आत्ता कोनता हाय हातात?”

राजाबाई बघत राहिल्या. त्याच्या नारिंगी जाकिटाचा रंग कळत होता.

“हातात भाकरी हाय,” सोमा म्हणाला आणि हसला नाही. “आठ म्हैने बघतोय मी. समदी मानसं झेंड्याला थांबत्यात, तुमी शिट्टीला थांबता. एकदा माझी शिट्टी हरवली व्हती. मी लाल झेंडा धरून हुबा आन् तुमी सरळ चालत गाडीम्होरं. तवापासून तुमी दिसला की मी शिट्टी मारतो. गाडी असंना का नसंना. डायवर शिव्या देत्यात मला.”

तो दिवस राजाबाईंना आठवत होता. कुणीतरी दंडाला धरून मागे ओढलं होतं. आजकाल माणसं कशी अंगाला हात लावतात, असं घरी येऊन त्या हिंदुरावांना म्हणाल्या होत्या.

“पूल कधी होणार हो?” त्यांनी विचारलं.

“सायेब म्हनतोय मार्च. कोनता मार्च, ते सायबालाबी ठावं न्हाई.” सोमाने चटणी बोटाने पुसून घेतली. “आन् पूल झाला म्हंजे झालं का? मग खालचा रस्ता. रस्ता झाला की गटाराचं निघंल, गटारासाठी परत रस्ता फोडतील. मावशी, मी सतरा वर्सं ह्या कामात हाय. धूळ बंद झाल्याली जागा मी अजून बघितली न्हाई. बंद व्हायला आली की आमची बदली होती.”

राजाबाई रिकामा डबा घेऊन घरी आल्या. हिंदुराव गॅलरीत होते. “काय म्हणाला सोमा? पाच नंबरच्या गर्डरचं काही बोलला का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” राजाबाई म्हणाल्या.

गुरुवारी अलार्म वाजला. शुक्रवारी वाजला. शनिवारी शाळा नव्हती तरी वाजला. राजाबाई वेळेआधी पाच मिनिटं कोपऱ्यावर जाऊन थांबत होत्या. सोनिया निवळली होती. शुक्रवारी तिने येताना त्यांच्यासाठी चाफ्याची फुलं आणली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवली. सगळं जागच्या जागी बसलं होतं.

रविवारी दुपारी सगळे घरी होते. मटण होतं. राजाबाई वाढत होत्या. कुठलं पातेलं कुठे हे त्यांना हातानेच कळत होतं. विनीतने पोरीला विचारलं, “काय मॅडम, आता आजी टायमावर येते ना आणायला?”

“आजी मला नाही आणत,” जिज्ञासा म्हणाली. “आजीला मी आणते.”

विनीत जोरात हसला. हिंदुरावांनाही ठसका लागला.

“खरंच! मी सांगते ना तिला. आजी खड्डा, आजी पायरी, आजी कुत्रा. कुत्र्याला ती दगडच समजते.”

“आता घरात एकच शहाणी आहे,” सोनिया हसत म्हणाली. “रस्सा दे गं तिला थोडा... म्हणजे, आई, तिला रस्सा द्या थोडा.”

राजाबाईंनी रस्सा वाढला. पोरगी खोटं बोलत नव्हती. ती “आजी, पायरी” म्हणायची तेव्हा राजाबाईंना वाटायचं, पोर खेळ करतेय. शाळेत शिकवलेलं म्हणून दाखवतेय. सहा वर्षांच्या पोरीचा हात आपण धरलाय असं त्यांना वाटत होतं. काँक्रीटच्या गाड्यांमधून त्या तिला आणत होत्या, रोज, आणि गाडी आली असती तर त्यांना ती टीं-टीं झाल्यावरच कळली असती. पुढे जाणाऱ्या गाडीला टीं-टीं नसते.

त्यांच्या दिवसात तो एक तास होता. दीड ते अडीच. पोरीला वरणभात भरवायचा, तिची बडबड ऐकायची, तिच्या केसांतून हात फिरवायचा. डोळ्याचं सांगितलं असतं तर कुणी त्यांना खाली जाऊ दिलं नसतं. पोरीला शाळेजवळच्या पाळणाघरात टाकलं असतं, ते नाव मागे एकदा निघालंच होतं. म्हणून त्या गप्प होत्या.

सोमवारी सकाळी सगळे गेल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. बकुळा बदलापूरला असे. नवरा गेला होता, मुलगी लग्न होऊन नाशिकला, आणि तीन खोल्यांत ती एकटी. नंबर दिसायचा प्रश्न नव्हता. एकचं बटण दाबून धरलं की बकुळालाच लागायचा.

“तुझ्याकडे धूळ आहे का गं?” राजाबाईंनी विचारलं.

“काय?”

“बांधकाम, पूल, असलं काही चालू आहे का जवळ?”

“नाही. मागे नाला आहे. डास हवेत का?” बकुळा म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, डोळ्याचं का?”

“हो.”

“अडीच वर्षं मी कशाला बोंबलत होते मग? ये म्हटलं तर म्हणायचीस ह्यांचं जेवण, पोरीची शाळा, विनीतचा डबा. आता कुणाचं जेवण बंद झालं?”

“बोलून घे,” राजाबाई म्हणाल्या. “मग उद्या सकाळी उल्हासनगरला ये. मला वाचता येत नाही तिथलं काही.”

हिंदुरावांना त्यांनी सांगितलं, बकुळाला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय. हिंदुराव म्हणाले, “ने. पण साडेबाराच्या आत ये.”

उल्हासनगरला सिंधी लोकांच्या ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. बाकावर दीड तास बसल्यावर नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हनुवटी टेकवायला लावली, प्रकाश टाकला, एक डोळा, दुसरा डोळा, आणि मागे सरकल्या.

“अम्मा, इतने दिन क्या किया?”

“पूल बन रहा था,” राजाबाई म्हणाल्या.

“तो? तुम बना रही थी क्या?”

बकुळाने तोंडाला पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी हिंदीतच समजावून सांगितलं. उजवा पिकून कडक झाला आहे, आता वीस मिनिटांत होणार नाही, जास्त वेळ लागेल. अजून थांबलात तर डोळ्यात दाब वाढून तो जायचाही. आधी उजवा, मग महिन्याने डावा. पिकायची वाट बघायचे दिवस गेले, अम्मा, कुणी सांगितलं तुम्हाला? राजाबाईंनी सासूचं नाव सांगितलं नाही. पुढच्या सोमवारची सकाळ मिळाली. कागदावर अंगठा नको, सही येते, असं त्या म्हणाल्या. बकुळाने बोट धरून जागा दाखवली तिथे त्यांनी सही केली.

बुधवारी संध्याकाळी विनीत आला, सोनिया आली. जिज्ञासा पलंगावर चित्र रंगवत होती. बाहेर सळया कापायचं मशीन चालू होतं. राजाबाईंनी चहा दिला आणि परत ओट्याकडे न जाता खुर्ची ओढून बसल्या. त्या वेळेला त्या कधी बसत नसत. त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“उद्या रात्री सांगितलं असतं, पण उद्या तुला उशीर आहे,” त्या विनीतला म्हणाल्या. “सोमवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. उल्हासनगरला. काल जाऊन आले.”

“काल तर बकुळाचं होतं ना?” हिंदुराव म्हणाले.

“माझंच होतं.”

“आई, असं न विचारता...” विनीतने कप खाली ठेवला. “या महिन्यात माझ्याकडे मशीनदुरुस्तीचं शटडाउन आहे. सुट्टी मिळणार नाही. आणि रॅम्पचं काम आत्ता चालू होतंय, सगळ्यात जास्त धूळ आत्ताच. उन्हाळ्यापर्यंत थांबलो तर...”

“मी इथे राहणार नाही. बकुळाकडे राहणार. तिथे धूळ नाही.”

“किती दिवस?”

“महिना. मग डावा डोळा. मग अजून एक महिना.”

“डावा?” सोनिया म्हणाली. “डाव्याला काय झालं?”

“दिवाळीपासून दिसत नाही.”

सोनियाचं लक्ष पलंगावरच्या पोरीकडे गेलं.

“दोन महिने?” हिंदुराव खुर्चीत वळले. जाळीचा चिमटा सुटला होता, तो त्यांनी हातातच धरला होता. “दोन महिने बदलापूरला? मग इथलं?”

“इथलं काय?”

“नाही, म्हणजे... जेवणखाण. डबे. सकाळचं.”

विनीत कपाच्या तळाकडे बघत होता. धूळ हा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही.

“बाई ठेवू,” सोनिया म्हणाली. “मी बघते. खालच्या यशोधराकडे येते ती. पण आई, सांगायचं ना. गाड्यांमधून तुम्ही तिला घेऊन...”

“सांगितलं असतं तर तू तिला माझ्याबरोबर सोडली असतीस?”

“नाही.”

“मग.”

सोनियाने डोळे पुसले. ते रागाने की कशाने, हे राजाबाईंना दिसलं नाही.

“दोन महिन्यांचा विचार करू आपण नीट,” विनीत म्हणाला. “रविवारी बसू. सोमवारची तारीख पुढे ढकलता येत असेल तर...”

“सही झाली,” राजाबाई म्हणाल्या आणि उठल्या. कप गोळा केले. तीन सापडले. चौथ्यासाठी टेबलावर हात फिरवला, तो हिंदुरावांनी पुढे सरकवला. कप घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“सोमवारी सकाळी सहाला मी निघणार. बकुळा खाली रिक्षा घेऊन येईल, कुणी सुट्टी काढू नका. आणि जिज्ञासाला आणायला उद्यापासून मी जाणार नाही. तुम्ही जायचं,” त्या हिंदुरावांना म्हणाल्या. “एक वाजता.”